बॅटरीची निवड आणि विश्वस्तांचा विवेक

पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव अशी मोठी गावे जोडत उत्तरेकडे जातो. त्याच्या दोन्ही अंगांना आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील ऊस, टोमॅटो आणि द्राक्षांची शेते पसरली आहेत. या पट्ट्यात सायंकाळ झाली की माणसे घराकडे वळतात. उसाच्या दाट पिकात बिबट्याने आसरा घेतला आहे आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आज सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. सूर्यास्तानंतर उसाच्या कडेने एकट्यादुकट्याने चालू नये, ही येथील प्रत्येक घरातील शिकवण होय.

उदाहरणासाठी अशाच परिसरातील एक धर्मशाळा डोळ्यांपुढे आणावी. निवासाच्या खोल्या खालच्या बाजूस, तर मंदिर आणि उपाश्रय सहाशे मीटर वर, किंचित चढावर आहेत. मधला रस्ता उसातून जातो. गुडघे थकलेल्या श्रावक-श्राविकांसाठी एका दात्याने सहा आसनांची बॅटरीवर चालणारी गाडी दिली आहे. गोल्फच्या मैदानावर असते तशीच ही गाडी आवाज न करता, धूर न सोडता सावकाश चालते. पाच वर्षे तिने उत्तम सेवा केली. मग एका सायंकाळी, सूर्यास्तापूर्वी चौविहार उरकून प्रतिक्रमणासाठी निघालेल्या दोन वृद्ध श्राविकांना घेऊन ती अर्ध्या चढावर थांबली आणि हलेचना. ड्रायव्हरने विजेरी लावली, फोन केला. खालून जीप येईपर्यंत वीस मिनिटे त्या दोघी उसाच्या भिंतीशेजारी नवकार म्हणत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी विश्वस्त जमले. ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, एकच बॅटरी बसलीय. तेवढी बदलली की गाडी चालंल.” खजिनदारांना हा उपाय स्वस्त म्हणून पटला. परंतु त्या दोघींपैकी एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “गाडी नसली तरी चालेल रे बाबा, आम्ही खोलीतच प्रतिक्रमण करू. पण अर्ध्या वाटेत थांबणारी गाडी नको.”

त्या एका वाक्यात खरेदीचा सगळा निकष आला आहे. बॅटरी स्वस्त की महाग, हा प्रश्न नंतरचा. ती कोणासाठी, कोणत्या वाटेवर आणि कोणाच्या देखरेखीखाली चालणार, हा प्रश्न पहिला.

बॅटरीच्या गाड्यांचे महत्त्व आता केवळ सोयीपुरते राहिलेले नाही. माथेरानमध्ये माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाच्या श्रमावर माणसाने स्वार होऊ नये, हा त्यामागील विचार जैन मनाला परका नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर आजही डोलीवाले वृद्धांना वाहून नेतात. पायऱ्यांवर गाडी चढत नाही हे खरे. पण जेथे रस्ता आहे तेथे बॅटरीची गाडी हे वैयावृत्त्याचे साधन ठरते. साधू-साध्वी पादविहारीच असतात. त्यांच्यासाठी ही गाडी नाही. ती अशक्त श्रावकांसाठी आहे.

आता मूळ विषयाकडे वळावे. गाडी थांबली म्हणजे बॅटरी संपलीच, असे गृहीत धरू नये. आधी टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे का, केबल सैल आहे का, चार्जर पूर्ण काम करतो का, हे पाहावे. मग बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवाव्यात आणि प्रत्येकीचा व्होल्टेज स्वतंत्र मोजावा. शिशाच्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच पूर्ण भरलेला असताना सुमारे ५०.९ व्होल्ट दाखवतो; अर्धा उतरला की सुमारे ४८.४ वर येतो. म्हणजे ‘४८ व्होल्ट दिसतात, बॅटरी ठीक आहे’ हे विधान चुकीचे आहे. तेव्हा ती निम्म्याहून अधिक रिकामी झालेली असते. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्याची घनता पाहिली की कोणता कप्पा मागे पडला आहे तेही कळते.

या धर्मशाळेच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. तपासणीत एक पूर्ण बसलेली आणि दोन अशक्त निघाल्या. अशा वेळी एकच नवी बॅटरी बसवणे म्हणजे थकलेल्या पाच बैलांबरोबर एक तरणा बैल जुंपणे होय. साखळीतून वीज सर्वांमधून सारखीच वाहते. दुबळ्या बॅटऱ्या आधी रिकाम्या होतात आणि नवीला त्यांच्यासोबत फरफटत जावे लागते. तिचेही आयुष्य अकाली संपते. संच काही महिन्यांचाच असेल तर एक बदलणे योग्य. पाच वर्षांचा असेल तर पूर्ण संच बदलावा.

बाजारात तीन मुख्य पर्याय आढळतात. पहिला पाणी घालावयाच्या शिशाच्या बॅटरीचा. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये घडवलेल्या बॅटरीचीच ही वंशज. दुसरा सीलबंद शिशाच्या बॅटरीचा; तीत पाणी घालावे लागत नाही, पण किंमत अधिक असते आणि चुकीच्या चार्जरने ती लवकर बिघडते. तिसरा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. या रसायनाचा शोध अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाधी हे भारतीय वंशाचे संशोधक होते. लिथियमच्या इतर प्रकारांच्या तुलनेत हे रसायन उष्णतेत अधिक स्थिर राहते, म्हणून गाड्यांसाठी त्याला पसंती मिळते.

येथे एक सावधगिरी. मोटारीची बॅटरी या गाडीत चालत नाही. मोटार सुरू करताना काही क्षण मोठा विद्युतप्रवाह लागतो, म्हणून तिच्या प्लेट पातळ असतात. बॅटरीच्या गाडीला तासन्‌तास वीज पुरवावी लागते. तिला जाड प्लेटची, खोलवर उतरणे सहन करणारी ‘डीप सायकल’ बॅटरी हवी. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी आसनाखाली बहुधा मावतही नाही. फवारणीच्या पंपापासून इन्व्हर्टरपर्यंत बॅटरी आता शेतकऱ्याच्याही घरात आहे. तथापि एका कामाची बॅटरी दुसऱ्या कामास चालेलच असे नाही.

दुकानदार अँपिअर-अवर हा आकडा पुढे करतो. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ८ व्होल्ट, १७० अँपिअर-अवरच्या सहा बॅटऱ्यांचा संच कागदावर ४८ गुणिले १७० म्हणजे ८,१६० वॉट-अवर, अर्थात सुमारे आठ युनिट वीज साठवतो. परंतु शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून वापरता येण्याजोगी वीज सुमारे चार युनिटच. लिथियमचा संच ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचा घेतला तर कागदावर ५,१२० वॉट-अवर होतात. तो ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येतो, म्हणजे येथेही सुमारे चार युनिटच. कागदावर १७० आणि १०० असा मोठा फरक दिसतो. प्रत्यक्ष कामात दोन्ही जवळजवळ समान आहेत. शिवाय शिशाच्या बॅटरीवरील आकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. चढावर गाडी जोरात वीज ओढते तेव्हा तो आकडा आणखी खाली येतो. म्हणून पाच तासांच्या दराचा आकडा मागून घ्यावा.

वजनातही अंतर आहे. शिशाच्या सहा बॅटऱ्या मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतात; लिथियमचा असा संच पन्नास किलोच्या आत-बाहेर. सव्वाशे किलोचे ओझे उतरणे म्हणजे चढावर दोन प्रवाशांचा भार कमी होणे.

मग गरज किती? दिवसाला वीस फेऱ्या, प्रत्येक जाऊन-येऊन १.२ किलोमीटर, म्हणजे २४ किलोमीटर. दर किलोमीटरला १०० वॉट-अवर धरले तर २.४ युनिट लागतात. खरा आकडा आपापल्या चढावर, सहा माणसे बसवून, एक दिवस मोजून घ्यावा. चार युनिटांचा संच या गरजेला पुरून उरतो. दुकानदार १५० अँपिअर-अवरचा लिथियम संच सुचवील. गरजेपेक्षा मोठा संच घेणे हा पैशाचा अपव्यय आणि परिग्रहही आहे. मात्र सायंकाळच्या शेवटच्या फेरीसाठी एक चतुर्थांश वीज राखून ठेवणे हा परिग्रह नव्हे. ती यतना आहे.

आता जमाखर्च. पुढील आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्ष दर तीन ठिकाणची लेखी कोटेशने मागवून घ्यावेत. शिशाचा संच ८०,००० रुपयांचा, आयुष्य तीन वर्षे, जुना संच परत देताना १२,००० रुपये मिळतात, डिस्टिल्ड वॉटर आणि देखभाल वर्षाला ३,००० रुपये. लिथियमचा संच योग्य चार्जरसह १,८०,००० रुपयांचा, आयुष्य नऊ वर्षे. नऊ वर्षांत शिशाचे तीन संच २,४०,००० रुपयांचे, परतावा वजा ३६,०००, देखभाल २७,०००. एकूण २,३१,००० रुपये. लिथियम १,८०,०००. फरक ५१,००० रुपये लिथियमच्या बाजूने.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. शिशाचा संच घेतला तर पहिल्या दिवशी एक लाख रुपये हाताशी राहतात. ते सात टक्के व्याजाने ठेवले आणि पुढील संचांचा व देखभालीचा खर्च त्यातूनच केला, तर नऊ वर्षांनंतर लिथियमचा लाभ ५१,००० वरून सुमारे २५,००० रुपयांवर येतो. लाभ उरतो, पण निम्मा होतो. आणि गाडी रोज न चालता केवळ पर्वांच्या दिवसांत चालत असेल, शिशाचा संच पाच वर्षे टिकत असेल, तर त्याचा खर्च वर्षाला १६,६०० रुपये पडतो. लिथियम दहा वर्षे टिकला तरी १८,०००. तेथे शिसेच स्वस्त. एकाच गावातील दोन संस्थांना दोन भिन्न उत्तरे मिळू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

करांचाही विचार करावा. पूर्वी शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के आणि लिथियमवर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच आहे. त्यापूर्वीची कोटेशने तुलनेस घेऊ नयेत. जीएसटी नोंदणी नसलेल्या संस्थेला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून करासहित अंतिम रकमांचीच तुलना करावी.

रुपयांच्या पलीकडे देखभालीचा प्रश्न उरतो. शिशाच्या बॅटरीला माणूस लागतो. चार्जिंग झाल्यावर प्लेट बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर घालणे, टर्मिनल पुसणे, गाडी रात्रीच चार्जिंगला लावणे, हे रोजचे व्रत आहे. उतरलेल्या स्थितीत आठ-पंधरा दिवस पडून राहिली तर तिच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. चातुर्मासानंतर यात्रेकरू घटतात, गाडी शेडमध्ये उभी राहते आणि पुढच्या पर्वाला ती निघत नाही, ही तक्रार बहुधा या विसरण्यातूनच येते. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो; म्हणून शेड हवेशीर हवी आणि जवळ दिवा, धूप किंवा उदबत्ती मुळीच नको.

लिथियमला पाणी लागत नाही, पण तिलाही शिस्त आहे. जुना चार्जर तिला चालत नाही. १६ सेलच्या संचाला ५८.४ व्होल्टच्या मर्यादेचा स्वतःचा चार्जर हवा. तिच्या आत बीएमएस नावाचे नियंत्रक सर्किट असते. सहा माणसांसह चढ चढताना मोटार जितका प्रवाह ओढते तितका त्या सर्किटने सोडला पाहिजे, अन्यथा ते गाडी तत्क्षणी बंद करते. शिशाची बॅटरी हळूहळू मंदावून आधी सूचना देते; लिथियम मात्र शेवटपर्यंत जोरात चालून एकदम थांबू शकते. म्हणून चार्ज किती उरला हे दाखवणारा मीटर ड्रायव्हरसमोर असलाच पाहिजे. आणि कोणत्याही बॅटरीचे चार्जिंग निवासाच्या खोल्यांखाली किंवा जिन्याखाली करू नये.

अध्यक्षांनी सभेत एक योग्य शंका काढली. “अहो, पाण्याची बॅटरी मंचरचा मेकॅनिक तासाभरात पाहून जाईल. लिथियम बिघडली तर पुण्याहून माणूस कधी यायचा?” यावर उपाय वॉरंटीच्या कागदात शोधावा. वॉरंटी किती वर्षांची एवढेच न पाहता क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळेल, पूर्ण बदलून मिळेल की वापरलेल्या वर्षांची रक्कम कापली जाईल, माणूस किती दिवसांत येईल आणि तोवर पर्यायी संच मिळेल का, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाला हिशेबात जागा नसते.

पैसा कोणत्या खात्यातून द्यावयाचा, हाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य हे जिनमंदिर आणि जिनप्रतिमा यांच्याच कार्यासाठी असते. श्रावकांच्या सोयीच्या गाडीला त्यातला एक रुपयाही लावता येत नाही. हा खर्च साधारण खात्यातून किंवा याच हेतूने मिळालेल्या दानातून व्हावा. दात्याने गाडी दिली म्हणजे तिच्या बॅटऱ्यांची कायमची सोय झाली, असे मानणे ही अनेक संस्थांची चूक असते. १,८०,००० रुपयांचा संच नऊ वर्षांचा धरला तर वर्षाला २०,००० म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये पहिल्या महिन्यापासूनच बाजूला पडले पाहिजेत. तसे झाले तर नऊ वर्षांनी पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, आणि वार्षिक हिशेबात समाजालाही कळेल की ही सेवा खरोखर किती रुपयांची आहे.

शेवटी जुन्या बॅटऱ्यांचे काय? श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते. शिसे हे विषच आहे. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवले की ते धुरातून, मातीतून आणि पाण्यातून लहान मुलांच्या शरीरात जाते आणि त्यांच्या मेंदूची वाढ खुंटवते. चार पैसे जास्त देणाऱ्या फिरत्या भंगारवाल्याला बॅटरी विकणे म्हणजे त्या साखळीत भागीदार होणे. २००१ च्या जुन्या नियमांच्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या येतात. वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन किंवा पुनर्चक्रण व्यवस्थेकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरले आहे. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची समिती त्याज्य वस्तू जीवजंतूंना इजा होणार नाही अशा जागी, पाहून-जपून टाकावयास शिकवते. गृहस्थाने तिचा अंश येथे पाळावा आणि जुना संच विक्रेत्याकडे देऊन त्याची पावती फाइलला लावावी. बॅटरी कोणतीही असो, तिच्यामागे खाण आहे, भट्टी आहे. पूर्ण निर्दोष पर्याय कोणताच नाही. अल्पारंभाचा पर्याय निवडून तो दीर्घकाळ टिकवणे एवढेच गृहस्थाच्या हाती असते.

त्या धर्मशाळेच्या सभेत अखेर लिथियमचा, १०० अँपिअर-अवरचाच संच ठरला. गाडी रोज चालते, ड्रायव्हर बदलत राहतात आणि रोज पाणी पाहण्याची हमी कोणी घेईना, ही कारणे इतिवृत्तात नोंदली गेली. अध्यक्षांच्या आग्रहाने वॉरंटीच्या अटी ऑर्डरवरच लिहून घेतल्या. शेजारच्या एका लहान संस्थेची गाडी फक्त पर्युषण आणि आयंबिलच्या ओळीत चालते. तिच्या विश्वस्तांनी हाच हिशेब मांडून पाण्याच्याच बॅटऱ्या घेतल्या आणि दर महिन्याच्या एका ठरावीक तिथीला त्या चार्ज करण्याचे काम पाठशाळेच्या शिक्षकांनी स्वतःहून स्वीकारले.

आता त्या उसाच्या रस्त्याने गाडी सायंकाळी वर जाते तेव्हा ड्रायव्हर निघण्यापूर्वी मीटर पाहतो आणि आकडा वहीत लिहितो. एक चतुर्थांशाहून कमी चार्ज असेल तर गाडी हलवू नये, असा नियम झाला आहे. पहिल्या दिवशी मावशींनी ती वही मागून घेतली, चष्मा लावून आकडा वाचला आणि मगच त्या गाडीत बसल्या.